इव्हा हेसचं रबर: एक प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' नावाचं एक काम आहे. साधारण दहा फूट उंचीच्या फायबरग्लासच्या काठ्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या, आणि काठ्यांच्या मधे विरळ विणीचं सुती कापड. श्रीखंडाचा चक्का टांगायला आपण घेतो, जवळजवळ तसलंच. त्या कापडावर रबराच्या चिकाचे थर चढवलेले. १९६९ मध्ये काम नवं होतं तेव्हा हा पडदा फिकट आणि लवचिक होता. काठ्या जवळ आणल्या की त्याच्या चुण्या पडायच्या, लांब सरकवल्या की तो पसरायचा. नावाचा अर्थही तोच, फुलवलेला फुलोरा म्हणा हवं तर. १९७५ मध्ये शिल्पकाराच्या कुटुंबाने ते संग्रहालयाला भेट दिलं. १९८८ नंतर मात्र ते कोणाला दाखवण्याच्या अवस्थेत राहिलं नाही. रबर तपकिरी पडलं, ताठ झालं, पडद्याचा पडदेपणा गेला. २०२२ मध्ये, जवळपास ३५ वर्षांनी, दुरुस्ती करून ते पुन्हा लोकांसमोर मांडलं गेलं.

शिल्पकार इव्हा हेस. हे रबर टिकणार नाही हे तिला माहीत होतं, तिने तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि वयाच्या ३४ व्या वर्षी ती गेली. मग या कामाचं पुढे काय करायचं हे कोणाच्या शब्दावर ठरवायचं? तिच्या? की तिच्या कामांसाठी पैसे मोजणाऱ्यांच्या, ती सांभाळणाऱ्यांच्या, बघायला येणाऱ्यांच्या? प्रकरण एवढंच आहे. पण ते समजायला तिचं आयुष्य थोडं मागून बघावं लागतं.

जन्म ११ जानेवारी १९३६, हॅम्बुर्ग. वडील विल्हेल्म फौजदारी वकील, आई रूथ, आणि तीन वर्षांनी मोठी बहीण हेलन. घर ज्यू, त्यामुळे १९३० च्या दशकात जे सगळ्यांच्या वाट्याला आलं ते यांच्याही. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली, जाळली गेली. त्यानंतर महिन्याभरात या घराने दोन्ही मुलींना निर्वासित मुलांच्या गाडीत बसवून हॉलंडला धाडलं. इव्हाला तेव्हा तीन वर्षंही पुरी नव्हती. पुढे आईवडील निसटले, मुलींना घेऊन इंग्लंडमार्गे निघाले आणि १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचले. मागे राहिलेली नात्यातली माणसं छळछावण्यांत मारली गेली.

वडील मुलींसाठी वह्या भरत असत. मुलींचे फोटो, त्यांच्या बारीकसारीक गोष्टी आणि त्याच पानांत ज्यूंवर चाललेल्या अत्याचारांची कात्रणं. बाळाला पहिला दात कधी आला आणि देशात कोणता नवा कायदा आला, हे एकाच वहीत. इव्हानेही पुढे आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या. त्या आज ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या कलासंग्रहालयात आहेत.

न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन हाइट्स ही जर्मन ज्यू निर्वासितांची वस्ती होती, तिथे हे कुटुंब राहिलं. आई आजारी, नैराश्याने ग्रासलेली. आईवडील वेगळे झाले आणि १९४५ मध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं. योगायोग असा की सावत्र आईचं नावही इव्हाच. जानेवारी १९४६ मध्ये, इव्हाचा दहावा वाढदिवस अगदी तोंडावर असताना, आईने आत्महत्या केली.

हे सांगताना मी जरा बिचकतो. हेसबद्दल लिहिणारा प्रत्येक जण इथे थांबतो आणि मग तिच्या प्रत्येक दोरीत फास आणि प्रत्येक पेटीत शवपेटी बघू लागतो. ती स्वतः मजेशीर, बोलकी, कपड्यांची हौस असलेली, कामाच्या बाबतीत कमालीची महत्त्वाकांक्षी बाई होती. तिच्या कामांत विनोद आहे, तोही बऱ्यापैकी वात्रट. घरची हकीगत बाजूला सारता येत नाही हे खरं. पण तिच्या कामाची किल्ली म्हणून ती वापरली की काम दिसेनासं होतं.

शिक्षण चित्रकलेचं. सोळाव्या वर्षी प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये जाहिरातकलेला प्रवेश घेतला, तिथे मन रमलं नाही म्हणून सोडून दिलं, मग कूपर युनियन, मग येल. येलमध्ये जोसेफ आल्बर्स शिकवत. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतून आलेले, रंगाच्या शिस्तीचे, चौकोनात चौकोन रंगवणारे. इव्हा त्यांची आवडती विद्यार्थिनी होती, पण तिला स्वतःला हवं होतं ते अगदी उलट, सैल आणि आतून आलेलं. १९५९ मध्ये पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला परतली, पोटासाठी कापडाची डिझाइनं केली आणि १९६० मध्ये पुसट चेहऱ्यांची, मळकट रंगांची तैलचित्रं काढली. १९६१ मध्ये टॉम डॉइल या शिल्पकाराशी लग्न केलं. १९६३ मध्ये ॲलन स्टोन गॅलरीत तिच्या रेखाटनांचं पहिलं एकटीचं प्रदर्शन झालं. रेखाटनं सहज यायची, चित्रं अडायची. डायऱ्यांमध्ये ही अडचण पुन्हा पुन्हा येते: कागदावर हात चालतो, कॅनव्हास समोर आला की थांबतो.

मग १९६४ उजाडलं आणि आमंत्रण आलं जर्मनीचं. तेही नवऱ्याला! आर्नहार्ड शाइट नावाच्या वस्त्रोद्योजकाने टॉमला रूर खोऱ्यातल्या केटविग गावी वर्षभर राहून काम करायला बोलावलं होतं, इव्हा सोबत गेली. ज्या देशातून तीन वर्षंही पुरी नसताना बाहेर पाठवलं, तिथे अठ्ठाविसाव्या वर्षी शिल्पकाराची बायको म्हणून परतायचं. झोप नीट लागायची नाही, भयंकर स्वप्नं पडायची. कामासाठी जागा मिळाली ती बंद पडलेल्या कापडगिरणीचा मजला.

गिरणी म्हटल्यावर आपल्याकडल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. गिरणी बंद पडली तरी माल मागे उरतोच: दोऱ्यांची भेंडोळी, यंत्रांचे सुटे भाग, काय काय. चित्र जमत नाही म्हणून वैतागलेल्या इव्हाने त्यातल्या दोऱ्या उचलल्या, फळीवर गुंडाळून चिकटवल्या, त्यावर रंग दिला. चित्र फळी सोडून पुढे यायला लागलं. अशी चौदा उठावकामं तिथे झाली आणि १९६५ च्या उन्हाळ्यात ती ड्युसेलडॉर्फमध्ये मांडली गेली.

त्याच काळात तिने सोल लविट या कलाकार मित्राला रडगाणं गाणारं पत्र लिहिलं. त्याने १४ एप्रिल १९६५ रोजी पानंच्या पानं उत्तर पाठवलं. विचार करणं, कुढणं, काळजी करणं याची लांबलचक, हास्यास्पद यादी करून त्याने बजावलं की हे सगळं थांबव आणि नुसतं कर. हे पत्र आता जगभर प्रेरणादायी पोस्टर म्हणून फिरतं. माझ्या मते पत्राइतकंच श्रेय त्या गिरणीतल्या अडगळीला द्यायला हवं. 'कर' म्हणणारे मित्र बऱ्याच जणांना मिळतात. काय करायचं ते जमिनीवर पडलेलं सापडणं हे क्वचित.

न्यूयॉर्कला परतल्यावर लग्न मोडलं. १९६६ च्या ऑगस्टमध्ये वडील गेले. आणि याच १९६६ मध्ये तिने 'हँग अप' केलं, जे आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सहा फूट उंच, सात फूट रुंद लाकडी चौकट, कापड आणि दोरीने पट्टी बांधावी तशी गुंडाळलेली, पांढऱ्यापासून गडद करड्यापर्यंत रंगवलेली. आत चित्र नाही. वरच्या कोपऱ्यातून एक पोलादी नळी निघते, खोलीत भलामोठा लंबगोल वळसा घेऊन जमिनीला टेकते आणि खालच्या कोपऱ्यात परत शिरते. चित्रकलेची इतकी वर्षं चाललेली झटापट तिने अशी संपवली: चौकट ठेवली, चित्र काढून टाकलं आणि पाहणाऱ्याच्या पायात लोंबतं काहीतरी सोडलं. वेडगळपणाची आपली कल्पना पहिल्यांदा नीट उतरली ती यात, असं तिने नंतर सांगितलं.

पुढची चार वर्षं म्हणजे सामानाची शर्यत. 'ॲक्सेशन' मालिकेत धातूची, वरून उघडी पेटी. बाहेरून कारखान्यातली वाटावी अशी नीटस आणि आत केसाळ, कारण हजारो भोकांतून प्लास्टिकच्या नळीचे तुकडे ओवून आत सोडलेले. डेट्रॉइटमधल्या पेटीला ३०,००० हून अधिक भोकं आहेत. वाकून बघितलं की आत हात घालावासा वाटतो आणि त्याच क्षणी नकोही वाटतं. आणि १९६७-६८ च्या सुमाराला रबराचा चीक आला.

हे सामान नीट समजून घेतलं नाही तर पुढची चर्चा हवेत जाते. कॅनाल स्ट्रीट हा तेव्हा न्यूयॉर्कमधला सुटं सामान, प्लास्टिक, रबर, लोखंड मिळण्याचा बाजार. द्रव चीक ती तिथूनच आणायची. मूळ पदार्थ झाडाचाच. दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळातून आलेल्या बागाइतदारांनी लावलेली रबराची झाडं ज्यांनी पाहिलीत, त्यांना खोडावर चीर देऊन करवंटीत ठिबकणारा चीक माहीत असेल. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि मग तो डब्यातून विकता येतो. ब्रशने पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. जितके थर तितकी जाडी. वाळला की साय धरल्यासारखी अर्धपारदर्शक, किंचित मांसल कातडी तयार होते. रंग, पोत आणि लवचिकपणा एकदमच हाताशी येतात, साचा लागत नाही, ओतकाम लागत नाही. चित्रकाराचा ब्रश हातात धरूनच शिल्प करता येतं. तिला हे सामान का सोडवेना ते यावरून कळतं.

पण ही कातडी मरते. रबराच्या लांब साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो, उजेड आणि उष्णता त्याला मदत करतात. साखळ्या कुठे तुटतात, कुठे एकमेकींत अडकतात. आधी चिकटपणा येतो, मग ताठरपणा, मग भुगा. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबरबँड दहा-पंधरा वर्षांनी सोडवायला गेलात तर यातलं सगळं दोन मिनिटांत कळतं. पहिल्या पत्राला ते चिकटलेलं असतं, बाकीचं तुकडे होऊन पडतं. थंड, अंधाऱ्या जागी ही क्रिया मंदावते, थांबत नाही. आणि झालेला बदल उलटवता येत नाही.

फायबरग्लासचं तसं नाही. १९६८ पासून ती स्टेटन आयलंडवरच्या प्लास्टिकच्या एका छोट्या कारखान्यात डग जॉन्स या कारागिराबरोबर काम करू लागली. त्यातलं 'रिपिटिशन नाइनटीन ३', म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीची, किंचित चेपलेली एकोणीस बादल्यांसारखी भांडी, आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात व्यवस्थित उभं आहे. पिवळसर झालंय, पण त्याचा आकार, उजेड आत घेण्याची तऱ्हा, सगळं शाबूत. ही एकोणीस भांडी कशी मांडायची हे तिने मांडणाऱ्यावर सोडलं होतं. म्हणजे आपल्या माघारी कामात दुसऱ्याचा हात लागेल, हे तिला मान्य होतं, निदान काही कामांपुरतं. या मुद्द्याकडे परत यायचंय.

नोव्हेंबर १९६८ मध्ये फिशबाख गॅलरीत तिच्या शिल्पांचं एकटीचं प्रदर्शन झालं. 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' १९६९ च्या सुरुवातीचं. एप्रिल १९६९ मध्ये मेंदूतल्या गाठीची पहिली शस्त्रक्रिया. मे महिन्यात व्हिटनी संग्रहालयातल्या गाजलेल्या गटप्रदर्शनात हे काम उभं होतं. ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया, मार्च १९७० मध्ये तिसरी, २९ मे १९७० रोजी मृत्यू. फायबरग्लासच्या कामात लागणाऱ्या रेझिनच्या वाफांमुळे गाठ झाली असं बरेच जण ठामपणे सांगतात. सिद्ध झालेलं काही नाही, आणि कला कलावंताला खाते या लाडक्या गोष्टीत ते फार सोयीस्कर बसतं, म्हणून मी त्यापासून लांबच राहीन.

आता तो पुरावा, ज्यावर सगळे भांडतात. जानेवारी १९७० मध्ये सिंडी नेम्सर या समीक्षकेने तिची दीर्घ मुलाखत घेतली. त्याच वर्षी मेमध्ये ती 'आर्टफोरम' या कलामासिकात आली. त्यात रबराच्या टिकाऊपणाचा विषय निघतो. आयुष्य टिकत नाही, कला टिकत नाही, काही बिघडत नाही, अशा अर्थाचं तिचं बोलणं तिथलं. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं आणि मग निकाल लागतो: बघा, तिनेच सांगितलंय, नासू द्या.

पण त्याच्या आधीची वाक्यं वाचली की निकाल डळमळतो. लोक काम विकत घ्यायला येतात तेव्हा आपल्याला थोडं अपराधी वाटतं, असं ती म्हणते. त्यांना कल्पना असेल, तरी एक पत्र लिहून हे टिकणार नाही असं कळवावंसं वाटतं. आणि टिकण्याबद्दल आपली नेमकी भूमिका काय, हे आपल्याला पक्कं ठाऊक नाही, असं ती स्वच्छ सांगते. त्यानंतर 'माझ्या एका भागाला वाटतं' असं म्हणून ती रबर वापरण्याची गरज जास्त महत्त्वाची ठरवते. एका भागाला. दुसऱ्या भागाला काय वाटत होतं ते विचारायला पुढे वेळच राहिला नाही. दोन शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या, ३४ वर्षं नुकतीच पुरी होत असलेल्या बाईने गप्पांच्या ओघात काढलेले उद्गार आपण मृत्युपत्रासारखे वापरतो. वकिलाच्या मुलीवर हा अन्यायच म्हणायचा.

मराठी वाचकाला इथे गणपतीचं विसर्जन आठवेल, मलाही आठवलं. पण ती उपमा इथे चालत नाही. विसर्जनाचा दिवस आधी ठरलेला असतो, घरचे सगळे मिळून निरोप देतात, आणि पुढच्या वर्षी मूर्ती नवी येते. हेसच्या रबराला दिवस ठरवून दिलेला नाही, आणि पुढच्या वर्षीची मूर्ती घडवणारं कोणी नाही. हे घरात ठेवलेल्या माणसाच्या म्हातारपणासारखं जास्त आहे.

संग्रहालयांपुढचे रस्ते तसे मोजकेच. काम पेटीत, अंधारात, थंडाव्यात ठेवायचं. ते जगेल, पण कोणाला दिसणार नाही. जसं आहे तसं मांडायचं. मग पाहणारा तपकिरी, कडक कातडी बघून हेच तिच्या मनात होतं असं समजून जातो. दुरुस्त करायचं, म्हणजे आधार द्यायचा, फाटलेलं जोडायचं, पण रबराला तरुण करता येत नाही. किंवा नव्या चिकात तेच काम पुन्हा बनवायचं. शेवटच्या रस्त्यावर मतं सगळ्यात टोकाची. बाजूने बोलणारे म्हणतात, मूळ कामाचा जीव हलकेपणात आणि उजेडात होता, तो गेल्यावर वस्तू जपून काय मिळवलं? विरोधक म्हणतात, चिकाचा प्रत्येक थर तिच्या हाताने दिलेला आहे, ब्रश कुठे थांबला, कुठे थेंब ओघळला, हे कोण पुन्हा करणार? २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, त्या निमित्ताने जतनकार, अभ्यासक आणि तिच्याबरोबर काम केलेली माणसं या प्रश्नावर एकत्र बसली. एकमत झालं नाही.

गुगनहाइमने २०२२ मध्ये मधला रस्ता घेतला. मूळ वस्तूच मांडली, नक्कल केली नाही. ती पुन्हा उभी राहू शकेल इतपत कमकुवत रबराला सावरलं, आणि रंग बदललाय हे लपवलं नाही.

माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं, पण एका अटीवर. नुसतं जुनं काम मांडून भागत नाही. शेजारी ताज्या चिकाचा एक तुकडा हवा, हाताने दाबून बघता येईल असा. नक्कल म्हणून नव्हे, सामानाचा नमुना म्हणून. हेस स्वतः असे नमुने सतत करायची. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संग्रहालयात तिचे छोटे चाचणीचे तुकडे बरेच आहेत, बहीण हेलनने दिलेले. मोठं काम आणि त्याच्या आधीची चाचपणी यांत तिनेही काटेकोर भिंत घातली नव्हती. काही तुकडे मित्रांना देऊन टाकायची.

पुन्हा बनवण्याबद्दल एकोणीस भांड्यांचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं: मांडणी दुसऱ्यावर सोडली, मग घडण का नको? मला हे पटत नाही. मांडणी सोडणं आणि हात सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायबरग्लासची कामं तिने कारखान्यात, दुसऱ्याच्या मदतीने केली; उद्या त्यांतलं एखादं भांडं फुटलं तर कारागिराकडून नवं करून घेण्यावर वाद घालता येईल. चिकाच्या थरांवर तो वाद लागू करणं म्हणजे तिचं रेखाटन खराब झालं म्हणून दुसऱ्याकडून गिरवून घेण्यासारखं आहे. १९७० मधली शेवटची दोरीची कामं तर याच्याही पुढची. व्हिटनीमधलं, चिकात बुडवलेल्या दोऱ्या-तारांचं जाळं छतापासून लोंबतं. ते दर मांडणीत थोडं वेगळं दिसतं, पण दोरीवर चढलेला चीक एकदाच चढला आहे.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात अवघड वाटतं ते कॅनबेरातलं 'कंटिन्जंट'. आठ उभे पट्टे छतापासून एकामागे एक टांगलेले, कडेने बघायचे. दोडामार्गच्या बाजूला रबराच्या शीट दोरीवर वाळत घातलेल्या बघितल्यावर मला याच कामाचा फोटो आठवला होता. प्रत्येक पट्ट्याची दोन्ही टोकं फायबरग्लासची आणि मधला भाग चीक दिलेल्या विरळ कापडाचा. म्हणजे एकाच वस्तूत टिकणारं आणि न टिकणारं तिने शेजारी शेजारी ठेवलं. टोकं अजून उजेड पकडतात, मधला भाग काळवंडत, आखडत चाललाय. हे तिने मुद्दाम केलं असं म्हणायचा मोह होतो. पुरावा नाही, म्हणून म्हणत नाही.

मे १९७० च्या 'आर्टफोरम'च्या मुखपृष्ठावर हेच 'कंटिन्जंट' छापलं होतं, आत ती मुलाखत. तेव्हा काम नवं होतं. तो अंक बाजारात होता त्याच महिन्याच्या अखेरीस इव्हा गेली. सोल लविटने त्याच सुमारास पॅरिसमध्ये तिच्यासाठी एक भिंत रेखली. तोवर तो पट्टीने मारलेल्या सरळ रेघांचा माणूस. या भिंतीवर पहिल्यांदा त्याने वाकड्या, हाताच्या रेघा येऊ दिल्या, उभ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. त्या भिंतचित्राचं नेमकं उलट आहे: त्याच्या सूचना कागदावर आहेत, भिंत पुसली तरी कोणीही ते पुन्हा काढू शकतं.